एका दमात अख्खी शिवी

मला हे सांगायचं नव्हतं. माझं काम कुस्तीच्या हौद्यातली माती उकरायचं. बोलायचं काम ज्याला बोलता येतं त्यानं करावं. पण तालमीतल्या लोकांनी धरूनच बसवलं. केरबा, तू होतास ना तिथं, मग तूच सांग. होतो. म्हणून काय झालं? हौदाही तिथंच होता. त्याला विचारा.

चौथीत मी शाळा सोडली, का शाळेनं मला सोडलं, ते आता आठवत नाही. त्यामुळं नटवून सांगायला जमणार नाही. झालं तसं सांगतो. मधे कुणी बोलायचं नाही. बोललात तर मी उठून जाणार.

"माती लावताय का न्हाई, वस्ताद?"

आकाराम खोत पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. हौद्याच्या काठावर उभा. पांढरी विजार, पांढरा सदरा, पोट पुढं, आणि आवाज असा की छपरावरची कबुतरं उडाली.

वस्ताद लिंबं कापत होते. मातीत पिळायला.

आमच्या तालमीत रीत आहे. जत्रेच्या मैदानात उतरायच्या आधी वस्ताद हौद्यातली चिमूटभर माती पैलवानाच्या कपाळाला आणि खांद्यांना लावतात. ती लागल्याशिवाय कुणी मैदानात पाय ठेवत नाही. मग त्यानं गदा मारलेली असो नाहीतर काल पहिला लंगोट बांधलेला असो.

आकारामानं गदा मारली होती. पण कुस्ती सोडूनही बरीच वर्षं झाली होती. पन्नाशी गेली होती. आणि आता जत्रा तोंडावर आली असताना ह्याला निकाली कुस्ती करायची होती.

कारण काय, तर नदीपलीकडच्या गावचा सर्जेराव. दोघं एकेकाळचे हाडवैरी. सर्जेराव कुणाच्या तरी सत्कारात माईकवर बोलून गेला होता, "आकाराम आता कुस्ती बघायला येतो तेव्हा खुर्ची घेऊन येतो. एक न्हाई, दोन लागतात."

सगळं मैदान हसलं होतं. मीही हसलो होतो. चांगला होता विनोद. आता आकारामाला त्याच सर्जेरावाशी लढायचं होतं.

"वस्ताद, मी काय म्हणतोय?"

"ऐकू येतंय," वस्ताद म्हणाले. "वजन किती आता?"

आकाराम पोटावरचा सदरा खाली ओढायला लागला.

"खुराक?"

आता त्याचा चेहरा उजळला. हा विषय त्याचा.

"खुराकात तसूभर कमी न्हाई, वस्ताद. सकाळी दुधाचा तांब्या, वर तुपाची वाटी. बदाम भिजवलेले. दुपारी तर्री. रात्री मटण असलं तर मटण, न्हाईतर अंडी. मेहनत सुटली, पण खुराक सोडला न्हाई. तुमचीच शिकवण."

"माझी?"

"खुराक मोडणारा पैलवान मातीशी बेइमान होतो. तुम्हीच म्हणाला होता."

वस्तादांनी सुरी खाली ठेवली.

"म्हणालो होतो… तेव्हा पहाटे उठून जोर-बैठका काढायचास. घामानं हौदा भिजायचा. आता घाम कुठं पडतो?"

"जेवताना," मागून कुणीतरी म्हणालं.

तालीम खदखदून हसली. आकाराम वळून बघायला लागला कोण बोललं ते. कोण सापडतंय?

आता वस्तादांबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दस्तगीर मुजावर. ऐंशी ओलांडलेले. अंगावर मांस म्हणून नाही, नुसते दोर. पण ह्या माणसाची पाठ मैदानात कधी कुणी मातीला लागलेली बघितली नव्हती. कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं, एवढं तर ज्यांनी कधी तालीम बघितली नाही त्यांनाही माहीत असतं. वस्तादांची लागली नाही. आणि आकाराम त्यांचा चेला, त्याचीही नाही. हे आकाराम स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. लग्नात, बारशात, मयतीला गेला तरी.

"लावतो माती," वस्ताद म्हणाले.

आकाराम छाती काढून पुढं आला.

"आधी हौद्यात उतर. आणि उताणा झोप."

हसणारी तालीम हौद्याच्या काठाशी गोळा झाली.

"कोणता डाव दाखवताय?" आकाराम म्हणाला.

"डाव न्हाई. पाठ टेकून झोपायचं. माणसं झोपतात तसं. मी उठ म्हणेपर्यंत."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"वस्ताद, ह्या हौद्यात माझी पाठ कधी…"

"ठाऊक हाय. म्हणूनच म्हणतो."

वस्ताद हे का म्हणाले, ते तिथं फक्त मला माहीत होतं. मीच त्यांना सांगितलं होतं. आणि मला सांगितलं होतं आकारामाच्या बायकोनं.

झालं असं. आदल्या दिवशी मी पिठाच्या गिरणीत उभा होतो. हौसावहिनी डबा घेऊन आल्या. गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं जवळ आल्या.

"केरबा भावजी, तुमचा पैलवान उताणा झोपत न्हाई."

"तो झोपेतसुद्धा पाठ टेकायचा न्हाई, वहिनी. त्याला भ्या वाटत असंल पंच शिट्टी मारतील."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"आडवं झालं की दम कोंडतो. खुर्चीत बसून झोपतात, भिंतीला उशा लावून. पाय सुजलेत, चप्पल चढत न्हाई. माडीवर जायचं तर मधल्या पायरीवर बसतात आणि म्हणतात, मी इचार करतोय. डॉक्टरचं नाव काढलं की ताट भिरकावतात. आणि आता कुस्ती म्हणे… भावजी, तो सर्जेराव ह्यांच्या छातीवर बसला तर हे पुन्हा उठायचे न्हाईत. वस्तादांस्नी सांगा. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

मी सांगितलं. बरोबर केलं. आजही करीन.

तर हौद्याच्या काठावर आकाराम उभा होता. एकदा मातीकडं बघितलं त्यानं, एकदा वस्तादांकडं. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यानं मला शोधलं.

"केरब्या."

मी खोरं घेऊन उभा होतो.

"तू चुगली केलीस."

"मी खरं ते सांगितलं."

"जन्मभर सरावाला माझा जोडीदार म्हणून माझ्या अंगाखाली लोळलास. तुला कधी कुणी जिंकला म्हणून खांद्यावर घेतलं न्हाई, म्हणून आता माझी कुस्ती मोडायला निघालास व्हय रं?"

आणि त्यानं माझ्या डोक्यावरचा फेटा उडवला. हौद्यात पडला. वर पाय ठेवला. सुजलेला पाय, विनाचपलीचा.

सगळ्यांनी बघितलं.  माझ्या हातात खोरं होतं, म्हणून हात मागं घेतला.



वस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. हौद्यात उतरले. माझा फेटा उचलून झटकला, काठावर ठेवला. मग मधोमध गेले. बसले.

आणि पाठ टेकून झोपले.

अहो, दस्तगीर मुजावर. उताणे. हातपाय पसरून, तोंड आढ्याकडं करून. उभ्या मुलखातल्या पैलवानांनी जी पाठ मातीला लावायला जीव टाकला, ती आपणहून मातीत टाकली. माझ्या शेजारी एक जुना पैलवान होता, त्यानं चटकन डोळ्यावर हात घेतला. बघवेना त्याला.

"बरं वाटतंय," वस्ताद आढ्याला म्हणाले. "माती गार हाय… ये, आकाराम. शेजारी."

आता काय करणार? गुरू मातीत उताणा आणि चेला वर उभा, असं कधी झालंय का?

आकाराम उतरला. बसला. एक हात टेकला, दुसरा टेकला, आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी पाठ खाली नेली.

आम्ही सगळे बघत होतो.

आधी काही नाही. मग छाती वरखाली व्हायला लागली. मग नाकपुड्या फुगल्या. बोटं मातीत रुतायला लागली. तोंड काळवंडलं. त्यानं दात आवळले, धरून ठेवलं, पैलवानच तो. वस्ताद मान वळवून नुसते बघत होते. मग आकारामाच्या घशातून असा आवाज आला की मी तसला आवाज कधी माणसाचा ऐकला नव्हता, आणि तो ताडकन उठून बसला. दोन्ही हात छातीवर. तोंड उघडं.

वस्तादांनी उठून त्याच्या पाठीला आधार दिला. दुसरा तळवा छातीवर ठेवला. कान देऊन ऐकावं तसं थांबले.

"कुस्ती चाललीय की इथं," ते म्हणाले. "कोण लढतंय आत?"

आकारामाला बोलता येत नव्हतं.

"आणि कवापासून?"

"वस्ताद…"

"बोल."

"भ्या… वाटतं."

आकाराम खोताच्या तोंडून हा शब्द. तालमीच्या भिंतींनीसुद्धा ऐकला नव्हता.

वस्तादांनी वाकून चिमूटभर माती घेतली. आकारामाच्या कपाळाला लावली. डाव्या खांद्याला लावली. उजव्या खांद्याला लावली.

आम्ही चक्रावलो. म्हातारा ह्याला अशा हालतीत मैदानात पाठवतो का काय?

"लागली माती," वस्ताद म्हणाले. "आता जा कुस्तीला."

"कुठं?"

"तालुक्याला. हृदयाच्या डॉक्टरीणबाई हाईत, तिथं. ती म्हणंल झोप, तर झोपायचं. सुई टोचली तर टोचून घ्यायची. माती लागलेला पैलवान मैदान सोडून पळत न्हाई… जीप काढा कुणीतरी."

जीप निघाली ती धुरळा उडवतच. वाटेत वहिनींना घेतलं. मागं मी बसलो होतो. ह्यानं माझ्या फेट्यावर पाय ठेवलेला, आणि वाटेत ह्याचं डोकं माझ्या खांद्यावर. असं सगळं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मशीन लावलं, कागदाच्या पट्ट्या काढल्या. रक्तदाब किती वर्षं चढलेला होता कुणाला ठाऊक, कधी कुणी मोजलाच नव्हता. हृदय थकलंय म्हणाल्या. रक्त पुढं ढकलायला कमी पडतंय, म्हणून पाणी पायात उतरतंय आणि आडवं झालं की छातीत भरतंय. वहिनींना बाजूला घेऊन म्हणाल्या, "मैदानात उतरले असते तर मैदानातून उचलून आणावं लागलं असतं, आणि आणून उपयोग झाला नसता."

ठेवून घेतलं त्याला. जत्रा तशीच गेली. सर्जेराव मैदानात शड्डू ठोकून आला, माईकवर बोलायचं ते बोलला, आणि दुसऱ्या दिवशी सफरचंदं घेऊन दवाखान्यात हजर. माणूस बरा आहे. फक्त त्याच्या हातात माईक देऊ नये.

आकाराम परत आला तेव्हा ओळखू येईना. अंगातलं पाणी गेलं होतं, आवाजही निम्मा झाला होता. तरातरा तालमीत आला नाही, वहिनींचा हात धरून आला. वस्तादांसमोर बसला.

"वस्ताद, आता खुराक कोणता?"

"हौसा देईल तो."

"ती अळणी देते. भाकरी, पालेभाजी, डाळीचं पाणी. लोणचं लपवून ठेवलंय. पापड बंद, तूप बोटाला लागंल एवढं. हे पैलवानाचं ताट हाय का?"

"पैलवान कोण हाय इथं?"

आकारामानं मान खाली घातली.

"न्हाई, टोमणा न्हाई मारत. खरंच इचारतो. कोण हाय पैलवान?"

वस्तादांनी त्याच्या छातीवर बोट टेकलं.

"हा जन्मल्यापासून लढतोय. तू झोपलास तरी ह्याची कुस्ती चालू. तू कुस्ती सोडलीस, ह्यानं न्हाई सोडली. तू ह्याला कधी इचारलंस का, बाबा तुला काय पायजे?"

"न्हाई."

"तुझ्या जिभेला इचारत बसलास… चंची दे."

"कसली चंची?"

"कमरेला हाय ती."

तंबाखूची चंची निघाली. वस्तादांनी ती माझ्याकडं टाकली आणि डोळ्यांनी कोपऱ्यातली चूल दाखवली. मी टाकली चुलीत. लई आनंदानं टाकली.

"तलफ आली तर?" आकाराम म्हणाला. तोंड लहान पोरासारखं.

"तर चालायला जा. बाईंनी चालायला सांगितलंय न्हवं?"

"हळूहळू वाढवा म्हणाल्यात," वहिनी म्हणाल्या. "चालताना बोलता आलं पायजे म्हणाल्या. बोलता येईना झालं की थांबायचं. छातीत दुखलं तर थेट दवाखाना."

"झकास. बाईला कुस्ती कळते," वस्ताद म्हणाले. "केरबा रोज बरोबर जाईल."

"मी न्हाई," मी म्हणालो.

"तो न्हाई," आकाराम म्हणाला. एकाच वेळी. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

"केरबाच जाईल."

"वस्ताद, मी ह्याच्याशी काय बोलू?"

"शिव्या दे."

"शिव्या?"

"येतात न्हवं? मग दे. पण शिवी पुरी झाली पायजे. मधे दम लागून तुटली, की बसायचं. दम जाग्यावर आला की उठायचं, आणि पहिल्यापासून सुरू करायची. आणि हसत द्यायची. रागानं दिलेली धरणार न्हाई."

आकाराम माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या डोळ्यांत अशी चमक आली की मला तिथंच कळलं, हा गडी जगणार.

तालमीपासून निघायचं, चावडीवरून, वडाखालून, आणि मग खंडोबाच्या माळाची चढण. आधी वडापर्यंतच. ऊन चढायच्या आत.

पहिल्या दिवशी चावडी गेली नाही तोवर त्यानं सुरुवात केली.

"अरं ए केरब्या, तुझ्या आज्यानं…"

आणि फुस्स. दम संपला. दगडावर बसला.

मी उभा. थोडा वेळ गेला. मला राहवेना.

"काय केलं माझ्या आज्यानं?"

"थांब… की… सांगतो."

त्या दिवशी आज्यानं काय केलं ते काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी येऊन मी विचार करत बसलो, खरंच आज्यानं काय केलं असावं?

मग हळूहळू शिवी पुढं सरकली.

"अरं ए केरब्या, तुझ्या आज्यानं गाढवाच्या लग्नात बुंदी चोरली…" इथवर आली आणि तुटली. बरेच दिवस बुंदीवरच अडकली होती. मग "तुझ्या बापानं ती धोतरात लपवली" हे आलं. बापावर आली त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, आज बापावर आली. ती म्हणाली, लाज वाटत न्हाई का सांगायला? मला कसली लाज? मला आनंद झाला होता.

सगळ्या गावाला नाद लागला. चावडीवर बसलेले विचारायचे, "केरबा, शिवी कुठवर आली?" मी सांगायचो, बापाचं धोतर. ते म्हणायचे, वा, बरी वाटचाल हाय.

एकदा पंचाईत झाली. धोतरापर्यंत पोचलेली शिवी अचानक आज्यावरच तुटली. लागोपाठ. पायही जरा फुगलेले. वस्तादांसमोर गेलो.

"काल कुणाकडं जेवलास?" वस्ताद म्हणाले.

"कुणाकडं न्हाई."

वस्ताद गप्प बसून राहिले. ते गप्प बसले की माणूस आपोआप बोलतो.

"मेव्हण्याच्या पोराच्या साखरपुड्याला गेलो होतो. पापड खाल्ले. लोणचं… बचाकभर. आणि खारे शेंगदाणे. पण लई न्हाईत."

"बघ," वस्ताद म्हणाले. "तू लपवतोस, आणि शिवी सांगून टाकते."

ह्यावर तो स्वतःच हसला. वहिनींनी बाईंना फोन लावला, त्यांनी गोळी वाढवली, दोन-चार दिवसांत सुरळीत. पण त्यानंतर कुणाच्याही मांडवात गेला तरी पापडाकडं बघताना तो ओठ हलवायचा. मला माहीत होतं काय म्हणतोय. आज्यापासून धोतरापर्यंत मनात मोजत असायचा.

गोळ्यांचंही एक झालं. बरं वाटायला लागलं तसा म्हणाला, "आता गोळ्या कशाला? मी तर घोडा झालोय." वस्ताद म्हणाले, "जोर काढताना बरं वाटायचं, म्हणून मधेच उठून घरी जायचास काय रं?" त्यानं गपचूप खिशातून पुडी काढली आणि माझ्यासमोर गिळली. पाणीसुद्धा मीच दिलं.

वेळेवर झोपायला लागला. रात्र रात्र पत्ते कुटायचा, ते सुटलं. भांडणं मात्र सुटली नाहीत, पण भांडताना मधेच थांबून हसायला लागला, कारण हसत द्यायची सवय लागली होती. त्याचा भाऊबंद बांधावर भांडायला आला आणि हा हसतोय बघून घाबरून परत गेला.

आणि तालमीतले जुने गडी, आकारामासारखेच खुराक धरून बसलेले, एकेक जण चोरून तालुक्याला जाऊन रक्तदाब मोजून आले. मीही गेलो. माझाही चढलेला निघाला. ते सोडा.

तर तो दिवस.

शिवी तोवर लांबली होती. आज्या, बुंदी, बापाचं धोतर, धोतराला लागलेल्या मुंग्या, मुंग्यांच्या मागं लागलेला मामलेदार, असं करत करत माझ्यावर यायची. वड केव्हाच मागं पडला होता. आता माळाची चढण लागली होती. बाईंनी परवानगी दिली होती, हळू चढा म्हणून. पण चढणीवर शिवी कधी मुंग्यांच्या पुढं गेली नव्हती.

त्या दिवशी चढणीच्या पायथ्याला त्यानं सदऱ्याची बाही वर सारली. माझ्याकडं बघितलं.

"देऊ?"

"दे."

"अरं ए केरब्या, तुझ्या आज्यानं गाढवाच्या लग्नात बुंदी चोरली, तुझ्या बापानं ती धोतरात लपवली, धोतराला मुंग्या लागल्या…"

चालतोय. पाऊल पडतंय. मी शेजारी. 

"…मुंग्यांच्या मागनं मामलेदार आला, मामलेदारानं पंचनामा केला…"

पंचनामा नवीन होता. आधी कधी नव्हता. मी म्हटलं, अरे, हा वाढवतोय की, चढणीवर वाढवतोय.

"…पंचनाम्यावर गाढवानं अंगठा दिला, आणि त्या गाढवाच्या अकलेतली उरलेली अक्कल ज्याच्या वाट्याला आली, तो तू, भोपळ्या, तू!"

संपली.

पुरी संपली. आणि आम्ही वर होतो. खंडोबाच्या पायरीशी. तो उभा होता. बसला नाही. थोडा धापत होता, पण तोंड लाल, ओठ लाल, डोळे हसतायत. खाली गाव पसरलेलं, नदी चकाकतेय.

मी टोपी काढून हवेत फेकली. हो, टोपी. फेटा मी नंतर बांधला नाही. आयुष्यात कुठल्या कुस्तीनं दिला नव्हता एवढा आनंद झाला. पुजारी बाहेर आला, म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, ह्यानं मला शिवी दिली. पुजारी म्हणाला, मग नाचतोस का? मी म्हटलं, अहो, अख्खी दिली, एका दमात.

आकाराम पायरीवर बसून पोट धरून हसत होता. मग हसू आवरलं. मग म्हणाला,

"केरब्या."

"काय?"

"…काय न्हाई. चल, उतरू."

दुसऱ्या दिवशी गिरणीत हौसावहिनी भेटल्या. आवाज चालू असताना बोलल्या नाहीत. गिरणी बंद व्हायची वाट बघितली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"भावजी, काल उताणे झोपले. एका उशीवर. असे घोरले, असे घोरले, की मला झोप लागली न्हाई."

आणि डोळे पुसायला पदर घेतला. पिठाचा पदर, सगळं तोंड पांढरं झालं.

ह्याला आता काही वर्षं झाली. चालणं चालूच आहे. बाईंकडं तपासायला जातो वेळच्या वेळी, गोळ्या आहेतच, त्या जन्माच्या. शिवी आता कुठल्या कुठं गेलीय, त्यात सर्जेरावही घातलाय आणि त्याचा माईकही.

परवा तालमीत मी आणि वस्ताद दोघंच होतो. माझ्या पोटात होतं ते मी काढलं.

"वस्ताद, एक सांगू? तुम्ही त्याला जगवलंत. मी त्याच्या मागं उन्हापावसाचा हिंडलो. हजार शिव्या खाल्ल्या. पण त्यानं सगळ्यांसमोर माझ्या फेट्यावर पाय ठेवला, त्याची माफी अजून मागितली न्हाई."

"अजून न्हाई?"

"न्हाई. दर वेळी चढण संपली की वाटतं आज मागंल. केरब्या म्हणतो, आणि गप्प होतो."

"मग तू काय करतोस?"

"काय करणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. माफी घेतल्याशिवाय सोडणार न्हाई मी त्याला. म्हातारा झालो तरी जाईन मागं मागं."

वस्तादांनी माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं.

"आणि तुझा रक्तदाब?"

"उतरलाय. बाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा."

"मग त्याला सांग, माफीची घाई करू नको म्हणावं," वस्ताद म्हणाले. "ऊठ. ऊन चढायच्या आत हाक मार जा आकारामाला."